पेन्सिलीखालचे चेहरे

३ मार्च

प्रिय फोटोबाई,

साऱ्या रस्त्याने तुला दिलेले हे नाव मी तुझ्या हयातीत एकदाही उच्चारले नाही. ते मला काहीसे अघळपघळ वाटत असे, आणि त्यावरून तू मला चिडवायचीस. "अहो, एकदा म्हणून तर बघा, जीभ झिजायची नाही." आज लेखणीने म्हणतो आहे. जिभेला अद्याप धीर होत नाही.

घरमालकांनी अत्यंत सौजन्याने कळवले आहे की स्टुडिओची जागा या महिन्याअखेर रिकामी करून हवी. तुझ्यानंतर तीन महिने त्यांनी हा विषय काढला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. कालपासून आवराआवर सुरू केली. दिव्यांचे खांब एका होतकरू छायाचित्रकाराने नेले. रंगवलेला पडदा, तोच, ज्यावर एक खांब आणि कुठेही न जाणारा जिना आहे, तो मात्र कुणी नेत नाही. ग्राहकांच्या नेगेटिव्हांची पाकिटे ज्याची त्याला परत करतो आहे. लोक येतात, आपापले पाकीट घेतात, थोडा वेळ उगाच उभे राहतात आणि जातात.

नेगेटिव्हवरचे चेहरे तू जिथे गुळगुळीत करायचीस, ते तुझे रिटचिंगचे उतरते मेज मी हलवलेले नाही. त्याची दुधी काच, खालचा आरसा, सुईसारख्या टोकाच्या पेन्सिली आणि ते बारीक पात्याचे चाकू, सारे तू ठेवलेस तसेच आहे.

आज खालच्या खणात एक पाकीट सापडले. त्यावर तुझ्या ठसठशीत अक्षरात एवढेच आहे: "खटका. जपून ठेवायचे." खटका, आपली भाची, सहा वर्षांपूर्वी, त्या अशांत दिवसांनंतर, एका सकाळी बॅग भरून आपल्या घरातून निघून गेली. काय झाले असे मी विचारले तेव्हा तू म्हणालीस, "सांगेन कधीतरी." ते कधीतरी आलेच नाही. ती तुझ्या अंत्यविधीलाही आली नाही, आणि त्याचा राग मी धरून आहे हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तरीही तिचे तिला मिळाले पाहिजे. उद्या तिला लिहितो. तुमच्या दोघींत काय घडले, हे समजल्याशिवाय ही खोली मला सोडवणार नाही.

तुझा,
मी

*

४ मार्च

चि. खटका हिस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या मावशीचा स्टुडिओ या महिन्याच्या अखेरीस रिकामा करावयाचा आहे. तुझ्या नावाचे एक पाकीट मिळाले. आत चौकोनी आकाराची एकच नेगेटिव्ह असून तीत बाजाराच्या पायऱ्यांवर उभी असलेली पाच माणसे दिसतात. सदर वस्तू कोणत्या पत्त्यावर पाठवावी ते कळवावे.

प्रकृतीस जपावे.

तुझा काका

*

९ मार्च

काका, नमस्कार.

पत्र वाचून आधी हसू आलं. "सदर वस्तू"! वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण अजून तुमच्या पत्रावर शिक्का दिसतो. मग पाच माणसांपाशी आले आणि हसू गेलं.

पाठवू नका. टाकून द्या. ती नेगेटिव्ह माझी राहिलेली नाही. मावशीने ती मारून टाकली.

तुम्ही कधी विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. आता सांगते. मी बावीस वर्षांची होते, वर्तमानपत्रात उमेदवारी करत होते. बाजार पाडून रस्ता काढायचा हुकूम निघाला आणि तीन दिवस शहर पेटलं, ते तुम्हाला आठवतच असेल. तुम्ही तेव्हाही वेळेवर ऑफिसला गेला होतात म्हणे, पायी! माझ्याकडे मावशीचा जुना कॅमेरा होता, वरून डोकावून बघायचा. त्याच्या काचेत उजवं डावीकडे दिसतं. पोलिस डावीकडून येताना दिसले की मी उजवीकडे पळायचे, म्हणजे बरोबर त्यांच्या अंगावर. असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी एक पोलिस मलाच म्हणाला, "अहो बाई, तिकडे पळा ना!"

काय काय आठवतं, सांगू? दंगल म्हटल्यावर लोकांना आरडाओरडा वाटतो. मला आठवतो तो दुकानांच्या शटरांचा आवाज. वरच्या चौकापासून एकेक शटर खाली येत गेलं, जणू कुणी रस्त्याची चेन ओढत आणतंय. चौकातला सिग्नल चालूच होता. गाडी एक नाही, धूर सगळीकडे, मोर्चा धावतोय, आणि सिग्नल लाल झाल्यावर त्यातली दोन माणसं सवयीने थांबली. मागचे त्यांच्यावर आदळले. मला तो फोटो घ्यायचा होता, पण मी हसत राहिले. भीतीने हसायला येतं हे मला त्या दिवशी कळलं. एक म्हातारा आपल्या दुकानासमोरच्या काचा झाडत होता. अजून फुटत होत्या, तरी झाडत होता.

आणि मग बाजाराच्या पायऱ्या. पाच माणसं हातात हात अडकवून उभी, समोर हेल्मेटांची रांग. एकाचा हात मोकळा, वर उचललेला. हातात काहीतरी. मी खटका दाबला. बाराच्या रोलमधली तीच एक धड आली. बाकी अकरांत नुसता धूर.

मावशीने त्या संध्याकाळी फिल्म धुतली, दुसऱ्या दिवशी प्रिंट काढून माझ्या हातात दिली. मी धावत संपादकांकडे गेले. ते चष्मा वर करून म्हणाले, "ही माणसं आहेत का साबणाच्या वड्या? पाच जणांचा चेहरा एकच. कुणी बनवलाय हा?" तेव्हा मी नीट पाहिलं. सगळ्यांच्या सुरकुत्या गेलेल्या, डोळ्यांखाली उजेड, मिशा गायब. ग्राहकांना गुळगुळीत करायची सवय तिने माझ्या फोटोवर चालवली होती! माझी उमेदवारी तिथेच संपली. मी तिला एवढंच म्हटलं, "तुझा हात सवयीने चालतो, मावशी. डोळे मिटून." ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आता मी लग्नाचे आणि शाळांचे फोटो काढते. चांगले काढते. तुम्ही जपा.

खटका

*

१२ मार्च

चि. खटका हिस,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळाले. तुझ्या मावशीच्या हातासंबंधी तू केलेले विधान मला मान्य नाही. मात्र ते खोडून काढण्यापूर्वी वस्तू तपासणे हे माझे कर्तव्य होते. आयुष्यभर मी व्यापाऱ्यांचे काटे न तपासता कुणाला खोटे ठरवले नाही.

ती नेगेटिव्ह मी तिच्या मेजावरील काचेवर ठेवली आणि खात्याने निरोप देताना मला दिलेल्या भिंगाने पाहिली. तुला ठाऊक असेलच, पण तुझी मावशी मला समजावून सांगत असे ते इथे लिहितो. नेगेटिव्हवर दोन हत्यारांनी काम होते. चाकूने थर खरवडला की तो कायमचा गेला, कोणी परत आणू शकत नाही. पेन्सिल चालवायची तर आधी वार्निशाचा पातळ हात द्यावा लागतो, आणि त्यावरची पेन्सिल टर्पेंटाइनच्या बोळ्याने केव्हाही पुसता येते. "चाकू घेताना मी श्वास धरते," असे ती म्हणत असे.

तुझ्या चित्रातील आकाशात डाव्या कोपऱ्यात धुळीचा एक डाग होता. तो चाकूने खरवडून काढलेला आहे. तिरक्या प्रकाशात खरवडल्याची जागा स्वच्छ दिसते. म्हणजे चाकू तिच्या हातात होता. पाचही चेहऱ्यांवर मात्र चाकूचा स्पर्श कुठेही नाही. तिथे केवळ पेन्सिल आहे. नेगेटिव्ह कलती केली की शिसे चमकते. नेगेटिव्हवर काळे भरले की छापल्यावर ते उजळ होते; मिशी भरून घालवली आहे ती पेन्सिलीने, नाकाची सावली घालवली आहे ती पेन्सिलीने.

सवयीचा हात चाकू आणि पेन्सिल यांत निवड करीत नाही. तिने निवड केली होती. का केली ते मला ठाऊक नाही. परंतु जे पुसता येते त्याला मारणे म्हणत नाहीत, एवढे तू मान्य करावेस.

तुझा काका

*

१६ मार्च

काका!

मी नेगेटिव्ह पाहिलीच नव्हती. कधीच. प्रिंट पाहिली, भांडले आणि निघाले. फोटोग्राफर म्हणवते मी स्वतःला!

मग पुसा ना! आजच पुसा. तुम्हाला ठाऊक नाही, पुढच्या महिन्यात त्या तीन दिवसांवर मोठं प्रदर्शन भरतंय, पालिकेच्या सभागृहात. मला बोलावणं आलं होतं, मी कळवलं होतं की माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही. नावं द्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. काका, ती एकच फ्रेम आहे माझ्याकडे. मी तिथे होते, मी पाहिलं, याचा माझ्याजवळ तेवढाच पुरावा. सहा वर्षं मी लोकांना "जरा हसा" म्हणतेय.

टर्पेंटाइन खिडकीशेजारच्या कपाटात, हिरव्या बाटलीत असतं. कापूस काडीला गुंडाळायचा, एका दिशेने पुसायचं, घासायचं नाही. तुमचा हात स्थिर आहे. मिलिग्रॅमची वजनं चिमट्याने ठेवणारा माणूस तुम्ही. पुसाल ना?

खटका

*

१८ मार्च

चि. खटका हिस,

तुझ्या विनंतीस होकार देता येत नाही, याचा खेद वाटतो.

कारण लिहितो. तिचे कपडे तिच्या बहिणीने, म्हणजे तुझ्या आईने, नेले. चष्मा कुणा गरजूला दिला. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरची तिच्या हातची लेबले ओलाव्याने गळून पडली. नेगेटिव्हा ज्याच्या त्याला परत गेल्या, आणि त्यांवर तिने केलेले काम त्यांच्यासोबत गेले. माझ्यापाशी तिच्या हाताचे असे आता हे पाच चेहरे आहेत. भिंगाखाली पेन्सिलीची एकेक रेघ दिसते, स्वल्पविरामाएवढी. ती कशी बसत असे, मान किती कलती करत असे, ते त्या रेघांवरून मला दिसते. ते मी माझ्या हाताने पुसावे अशी तू अपेक्षा करतेस.

दुसरेही एक कारण आहे, आणि ते पहिल्यापेक्षा मोठे असावे अशी मला आता शंका येते. तू गेल्यानंतर आठवड्याभराने एक पोलिस अधिकारी आपल्या घरी आले होते. सभ्य गृहस्थ. शहरातल्या साऱ्या स्टुडिओंतून ते फिरत होते. दंगलीतली चित्रे आणि ओळखपत्रांचे फोटो ताडून पाहून माणसे ओळखण्याचे काम चालले होते. त्यांनी मला विचारले, "आपल्याकडे काही आहे का?" मी खरे तेच सांगितले: माझ्या भाचीने एक चित्र काढले होते, ते माझ्या पत्नीने दुरुस्तीच्या नादात खराब केले, वर्तमानपत्रानेही ते नाकारले. तुझ्या मावशीने मान खाली घालून प्रिंट आणून दाखवली. साहेब मोठ्याने हसले. म्हणाले, "यांत तर मी माझ्या भावालाही ओळखणार नाही. बाई, माझाही एक काढा, असाच दहा वर्षांनी लहान करून." तिने काढला. त्यांना तो फार आवडला.

मी त्या दिवशी तिच्यासाठी खजील झालो होतो. आज तो प्रसंग लिहून काढताना माझी लेखणी थांबली आहे.

तुझा काका

*

२१ मार्च

काका,

तुमचं पत्र मी उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं.

तुम्हाला कळलंय ना, तुम्ही काय लिहिलंयत ते? मावशी ओळखत होती त्या पाचांना. आपल्या रस्त्यावरचीच माणसं होती ती, मला तेव्हा सगळे नवे होते. मावशी नेगेटिव्हमध्ये माणूस ओळखायची. काळं पांढरं उलटं असलं तरी म्हणायची, "अरे, हा आपला अमका." त्यांचे ओळखपत्रांचे फोटो तिनेच काढलेले, तिच्याच कपाटात.

आणि आता मला एक आठवतंय. सहा वर्षं मी ते बाजूला ठेवलं होतं. फिल्म धुऊन तिने दिव्यासमोर धरली आणि त्या एका फ्रेमपाशी थांबली. मग म्हणाली, "फार सुंदर आलीय गं. त्यांना विचारलंस का?" मी म्हटलं, "दंगलीत कोण कुणाला विचारतं, मावशी?" ती म्हणाली, "बरोबर आहे. तेव्हा कुणी विचारत नाही. नंतर विचारायला येतात." मला वाटलं, तिचं आपलं नेहमीचं चाललंय. सही घ्या, पावती द्या.

तिने मला सांगितलं असतं तर? तर मी त्याच दिवशी टर्पेंटाइन शोधलं असतं, काका. मला माहीत आहे मी तेव्हा कशी होते. दोन वर्षांनी सगळे खटले मागे घेतले गेले, तेव्हा तिचं कार्ड आलं होतं: "ये, तुझं काहीतरी द्यायचं राहिलंय." मी कळवलं, लग्नांचा सीझन आहे, जमणार नाही.

आता मी तुम्हाला पुसा म्हणणार नाही. तुमच्या स्वल्पविरामांवर माझा हक्क नाही. पण एक मागते. तिने विचारलेला प्रश्न अजून तसाच आहे. पुसायचं की ठेवायचं हे तुमचं नाही आणि माझंही नाही. तुम्ही त्या पाच जणांना विचाराल? तुम्ही तिथेच राहता. मी विचारलं तर मला फोटो हवाय म्हणून विचारल्यासारखं होईल. तुम्हाला मात्र फोटो नकोय, म्हणून तुम्हीच विचारा.

ते सगळे नको म्हणाले तर मी प्रदर्शनाला नकार कळवेन. रडेन थोडी, पण कळवेन.

खटका

*

२६ मार्च

चि. खटका हिस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या सूचनेप्रमाणे चौकशी पूर्ण केली. जे जसे बोलले गेले तसे लिहितो. माझ्या भाषेत घातले तर त्यातला जीव जाईल असे वाटते.

कोट घालून, प्रिंट पाकिटात घेऊन प्रथम स्टुडिओखालच्या घड्याळवाल्यांकडे गेलो. तोंडे ओळखणे अर्थातच कठीण होते, परंतु त्यांनी भिंग डोळ्याला लावले आणि सर्व पाच जणांची ओळख पटवून दिली. बुटांवरून. पाचांतले एक ते स्वतःच निघाले; त्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "हा मी? बाईंनी मला फारच देखणा केला हो! ही प्रिंट बायकोला दाखवू नका, म्हणेल, लग्नात हा कुठे होता?" मग भिंग काढून गंभीर झाले. "पुसा साहेब. मी तिथे उभा होतो. आयुष्यात एकदाच कुठेतरी उभा राहिलो, ते दिसू दे."

शिंपीणबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून त्यांनी मला स्टुलावर बसवले. म्हणाल्या, "अखेर तुम्हाला कळलं तर!" मी विचारले, "म्हणजे आपणास ठाऊक होते?" त्या म्हणाल्या, "आम्हा पाचही जणांना. बाई दुसऱ्याच दिवशी येऊन सांगून गेल्या, फोटोत तुम्ही नाही, घाबरू नका. आणि बजावून गेल्या, आमच्या साहेबांपुढे चकार शब्द काढायचा नाही. त्यांना कुणी विचारलं तर ते खरं सांगून टाकतील, त्यांना दुसरं काही येतच नाही." एवढे बोलून त्या हसू लागल्या. मीही हसण्याचा प्रयत्न केला. मग त्यांनी मला पाणी दिले.

खटका, मी यावर फार विचार केला. तिने माझ्यापासून ते लपवले म्हणून प्रथम मला दुखले. परंतु त्या अधिकाऱ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला नसता; कोणत्याही स्टुडिओवाल्यावर ते ठेवत नव्हते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी खरे बोलतो हे साऱ्या शहरातल्या काट्यांना ठाऊक होते. तिने मला खोटे बोलायला लावले नाही. माझे खरे बोलणे तिने जसे होते तसेच कामाला लावले. सबंध संसारात माझ्या स्वभावाचा इतका नेमका उपयोग दुसऱ्या कुणी केला नसता.

शिंपीणबाईंचे उत्तर: पुसा.

औषधांच्या दुकानातली मुलगी आता दुसऱ्या भागातल्या मोठ्या दुकानात असते. तिने विचारले, "काका, मी तेव्हा रडत होते. ते दिसेल का?" मी म्हणालो, "बहुधा दिसेल." ती म्हणाली, "मग पुसाच. मला वाटायचं, ते मी मनानेच धरलंय."

नळदुरुस्ती करणारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या पत्नीने प्रिंट हातात घेतली आणि लगेच परत केली. "हे ते नाहीत," असे म्हणाल्या. मी पेन्सिलीचे समजावून सांगितले. तेव्हा त्या म्हणाल्या, "घरात त्यांचे जेवढे फोटो आहेत ना, सगळे बाईंनी छान केलेले. सगळ्यांत ते ताजेतवाने. मला त्यांचे ते डोळ्यांखालचे काळे हवेत. रोज संध्याकाळी जे घेऊन घरी यायचे, ते. पुसाल का?" मी म्हणालो, पुसतो. ते मी विचार करून म्हणालो नाही. तोंडून गेले.

त्यानंतर मला फार वेळ चालावे लागले, म्हणून बेकरीवाल्यांकडे पोचायला दुपार कलली. वर उचललेला हात त्यांचा. मी प्रिंट दाखवून विचारले, "आपल्या हातात काय होते, हे सांगण्यास हरकत नसेल तर—" ते म्हणाले, "दगड होता, दुसरं काय असणार? पाव?" मी विचारले, "मारला का?" "मारला. समोरच्या दिव्याच्या खांबाला लागला. तिथेही नेम चुकलाच, मी पोलिसांच्या गाडीवर धरला होता." मग हात पुसत पुढे वाकून हळूच म्हणाले, "साहेब, माझा चेहरा राहू द्या. गेल्या वर्षी माझी पोरगी पोलिसात लागली. तिच्या साहेबांनी प्रदर्शन बघितलं म्हणजे? आणि खरं सांगू का, बाईंनी माझं नाक सरळ केलंय. आईबापांना जमलं नाही ते त्यांनी केलं. असू द्या."

म्हणजे चार पुसावयाचे, एक ठेवावयाचा. हा निवाडा मी स्वतः करू शकलो नसतो.

पुसण्याचे काम मी करीन. परंतु त्यावेळी तू इथे असावेस अशी इच्छा आहे. जमल्यास ३० तारखेस यावे. सीझन असल्यास तसे कळवावे.

तुझा काका

*

२८ मार्च

काका,

तीसला सकाळच्या गाडीने येते. प्रदर्शनवाल्यांना नाव कळवलं. सीझनला सांगितलं, वाट बघ.

प्रिंटचा कागद मी आणते. तिथला जुना झाला असेल. डेव्हलपर ओतून टाकला नसेल तर ओतू नका.

खटका

*

३१ मार्च

प्रिय फोटोबाई,

काल खटका आली. दारात मी तिची बॅग घेतली. मग ती म्हणाली, "काका, तुम्ही बारीक झालात." मी म्हणालो, "वजन केलेले नाही." ती हसली आणि तुझ्या मेजाकडे बघून रडली. मी तिला तुझ्या स्टुलावर बसवले. तू गेल्यापासून त्यावर कुणी बसलेले नव्हते.

ऊन खिडकीत आले तेव्हा कामाला सुरुवात केली. तिने आरसा फिरवून काचेखाली उजेड घेतला. मी काडीला कापूस गुंडाळला, एका दिशेने पुसले, घासले नाही. प्रथम घड्याळवाले, मग शिंपीणबाई, मग ती मुलगी. नळदुरुस्तीवाल्यांपाशी मी थांबलो. खटका म्हणाली, "मी करू का?" मी म्हणालो, "नको. त्यांच्या पत्नीस मी शब्द दिला आहे." पुसताना मी श्वास धरला होता, हे नंतर माझ्या लक्षात आले. कापसावर आलेले शिसे करडे, अगदी थोडेसे होते. तुझ्या एवढ्या तासांचे काम, आणि बोळ्यावर एक पुसट डाग. तो बोळा मी फेकलेला नाही.

मग तिने काळ्या खोलीत प्रिंट काढली. आतापर्यंत तू मला तिथे कधी येऊ दिले नव्हतेस, "कोपराने काहीतरी सांडाल" म्हणून. लाल दिव्याखाली ती ताटली हलवत होती, अगदी तुझ्यासारखी, एका बोटाने. आधी पायऱ्या आल्या, मग बूट, मग माणसे. घड्याळवाल्यांचे कपाळ घामाने चमकत होते. शिंपीणबाईंनी दात आवळलेले. ती मुलगी खरोखरच रडत होती, पण हात सोडलेला नव्हता. नळदुरुस्तीवाले इतके दमलेले दिसत होते की त्यांना कुणीतरी खुर्ची द्यावी असे वाटले. आणि त्या चौघांच्या शेजारी, हातात दगड उगारून, सरळ नाकाचा, बिनमिशीचा, दहा वर्षांनी लहान, कुणाच्याच ओळखीचा नसलेला एक देखणा गृहस्थ.

खटका कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, "प्रदर्शनवाले म्हणतील, हा एकच असा का?" मी म्हणालो, "विचारले तर खरे ते सांगावे. विनंतीवरून." मग ती म्हणाली, "खाली नाव लिहायचंय. फोटो माझा. पण हा चेहरा मावशीच्या हातचा आहे, तेही लिहिणार. काय लिहू? अमक्याची पत्नी असं मी लिहिणार नाही हं, आधीच सांगते."

मी तोंड उघडले. खटका थांबली, तिने घाई केली नाही.

"फोटोबाई," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो असेन, कारण खालून घड्याळवाल्यांनी वर हाक दिली, "काय हो, बोलावलंत का?"

जीभ झिजली नाही. तू म्हणाली होतीस ते बरोबर होते.

दुपारी उरलेले सामान उतरवले. नेगेटिव्ह आणि पेन्सिली खटकाकडे दिल्या, चाकूही. भिंग मीच तिला दिले. मला आता त्यातून पाहण्यासारखे राहिलेले नाही, आणि तिला आहे. मेज माझ्याकडे आले आहे, ते खिडकीशी लावले. रंगवलेला पडदा नळदुरुस्तीवाल्यांच्या पत्नीने मागून नेला. त्यांचा लग्नाचा फोटो त्याच जिन्यासमोर निघाला होता म्हणे. प्रिंटची एक प्रत त्यांना दिली. त्यांनी ती पाहिली, आणि या वेळी परत केली नाही.

संध्याकाळी खटका गाडीला गेल्यावर मी एकदा वर जाऊन आलो. खोली पाहिली. खिडक्या लावल्या, नळ बंद केला, दिव्याचे बटण वरखाली करून पाहिले. दाराला कुलूप लावून ओढून पाहिले. किल्ल्या, दोन्ही, घरमालकांना परत दिल्या.